आपल्या गावात तळघर नाही

हिंगणी, जि. वर्धा
५ मे १९८१

प्रिय श्रावण,

तुझ्या बाबांनी त्या दिवशी विडी ओढली नव्हती. हे एक वाक्य लिहायला मला पन्नास दिवस लागले. आता ते लिहून झालं तर पुढे काय लिहावं ते सुचत नाही, कारण पुढचं सगळं माझ्याच डोक्यात गुंतून पडलं आहे आणि कोणतं टोक धरून ओढावं ते कळत नाही. तू सेवाग्रामच्या दवाखान्यात आलास, तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तू मामांना, तुझ्याच बाबांना, म्हणालास, "साऱ्या लोकाईनं चुली विझवल्या, अन् तुमाले एका विडीचा दम नाई निंगला!" मामांच्या दोन्ही हातांना आणि तोंडाला पट्ट्या होत्या. ते भिंतीकडे मान वळवून पडून राहिले. तुझी आई रडत होती. पाणीसुद्धा न घेता तू निघालास आणि दाराशी मला म्हणालास, "जयवंता, तू होतीस म्हणून वाचले." तेव्हाच मी तुला थांबवायला हवं होतं. मी तुझ्या चपलांकडे पाहत राहिले. डाव्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता, एवढंच मला आठवतं. त्यानंतर तू घरी आला नाहीस आणि त्यांना एक ओळही लिहिली नाहीस. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगते. मध्ये थांबू नकोस, आणि थांबलास तरी पत्र फाडू नकोस.

ती घरगाडी तू नीट पाहिली नसशील. तू कॉलेज सोडून बल्लारशाला नोकरी धरलीस त्याच हिवाळ्यात ती आली. यान आणि एल्स हे नवरा-बायको हॉलंडहून इराण, अफगाणिस्तान करत ती चालवत घेऊन आले होते. आतमध्ये दोन पलंग, पाण्याची टाकी, हात धुवायचं भांडं, आणि गॅसवर चालणारी शेगडी. आपल्या केंद्राचं, गोबरगॅसचं आणि रात्रशाळेचं, काम पाहायला म्हणून ते आठ दिवसांसाठी आले आणि पाच महिने राहिले. देवकाबाई, आपल्या केंद्राच्या स्वयंपाकघरातल्या, त्या गाडीत एकदा डोकावून आल्या आणि म्हणाल्या, "या बाईचं सासर चाकावर हाय माय, रागावली त माहेरी जाचीबी गरज नाई, सासरच माहेरी नेते." पुढे इराणातली वाट बंद झाली, ते दोघं विमानाने परत गेले आणि गाडी लिंबाखाली राहिली. दोन पावसाळे तिच्यावर गेले. मागच्या दिवाळीत यानचं पत्र आलं की गाडी आता तुमचीच, हवी तशी वापरा. महादेवरावांच्या, म्हणजे आमच्या सचिवांच्या, मनात आलं की तिचा फिरता दवाखाना करावा. बोर धरणाकडच्या पाड्यांवर बाळंतपणं अजून कशी होतात ते तुला माहीत आहे. मला तर ती कल्पना इतकी आवडली की आठ दिवस मला झोप लागली नाही. गावात राहून काय करशील, असं तू मला लिहिलं होतंस ना, त्याचं उत्तर मला त्या गाडीत दिसत होतं.

पण वर्ध्याचा चंद्रभान मिस्त्री गाडी पाहायला आला आणि खाली वाकल्याबरोबर उठून उभा राहिला. गाडीच्या पोटाखाली गॅसची टाकी होती. आपल्याकडे शहरात सिलिंडर असतं तशी सुटी काढता येणारी नव्हती, सांगाड्याला कायमची बसवलेली. काटा दाखवत होता की निम्म्याहून जास्त गॅस आहे. चंद्रभान म्हणाला, "हे खाली करा, मंगच मी वेल्डिंगले हात लावतो. मले दोन लेकरं हायेत." कशी खाली करायची, ते त्यालाही माहीत नव्हतं. महादेवरावांनी यानला लिहिलं आणि महिनाभराने त्याचं दोन पानी इंग्रजी उत्तर आलं. ते माझ्याकडे आलं, कारण मी बीएस्सी. तुला माहीत आहे, मला गावात आता कोणी जयवंता म्हणतच नाही. मामा तर पाहुण्यांना गोबरगॅसची टाकी दाखवताना मला हाक मारायचे, "आमची बीएस्सी सांगन तुमाले." मग मी शेणातून गॅस कसा होतो ते सांगायची आणि ते माझ्यामागे हाताची घडी घालून उभे राहायचे, जणू सगळं त्यांनीच पाठ करून घेतलं आहे. आपण दोघं एकत्र कॉलेजात गेलो, तू पहिल्या वर्षानंतर सोडलंस आणि तुझी रसायनशास्त्राची पुस्तकं मला दिलीस. त्या पुस्तकांवर मी पुढची दोन वर्षं काढली. हे मी विसरलेले नाही आणि आज ते आठवून जास्तच लाज वाटते.

यानचं पत्र मी केंद्राच्या अंगणात सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवलं. उघड्या जागी करा. जवळपास विस्तव नको. गाडीची बॅटरी सोडून ठेवा. टाकीची चावी हळूहळू उघडा, घाई नको. चावी गार पडेल, उघड्या हाताने धरू नका. लोकांना लांब ठेवा. आणि मग एक ओळ होती: तळघरं आणि गटारं यांच्यापासून दूर. तळघर हा शब्द मला आदल्या दिवशी शब्दकोशात पाहावा लागला होता. पाहिला आणि मी मनाशी हसले. हॉलंडात असतील घराघराखाली तळघरं, आपल्या हिंगणीत कुठलं तळघर! आणि गटार म्हणशील तर आपल्याकडे सांडपाणी अंगणातच मुरतं. मला वाटलं, ही ओळ त्यांच्या देशाची आहे, आपल्याला लागू नाही. म्हणून मी ती वाचलीच नाही. आज स्वतःलाच विचारते की खरंच एवढंच कारण होतं का. कारण ती वाचली असती तर कोणीतरी विचारलं असतं, "तळघर काऊन नाई पाह्यजे व बाई?" आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं. एवढ्या लोकांसमोर मला येत नाही असं म्हणायचं नव्हतं. यातलं कोणतं कारण आधी मनात आलं, ते मी पन्नास दिवस शोधते आहे. एके दिवशी एक वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

जागाही मीच निवडली. केंद्राच्या खालच्या वावरात, जिथे नवी विहीर खणणं चालू आहे, तिथून पंचवीस पावलांवर. जागा मोकळी, वर झाड नाही, वस्ती लांब. आणि मी म्हटलं, आग लागलीच तर पाणी जवळ असलेलं बरं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा म्हणाले, "बराबर हाय, शिकेल मानूस दोन पावलं पुढचं पायते." श्रावण, मी खरंच विहिरीकडे पाण्याची जागा म्हणून पाहत होते. विहीर म्हणजे जमिनीतला चाळीस फुटांचा खड्डा, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तिचा काठही अजून बांधलेला नव्हता.

मार्चच्या सोळाला सकाळी आठ वाजता आम्ही सुरू केलं. त्याआधी मी एक सूप घेऊन सगळ्यांसमोर फिरले आणि विड्यांचे कट्टे, आगपेट्या, तंबाखूच्या डब्यासुद्धा गोळा केल्या. लोक हसत होते. तानबा, जो विहिरीत उतरून गाळ काढायचा, तो म्हणाला, "डबीतून आग निंगत नाई वो बाई, निस्ती थुकी निंगते." देवकाबाईंनी चूल विझवली आणि वर पाणी ओतून मला राख दाखवायला आणली. मामांनी कनवटीचा कट्टा काढून सुपात ठेवला आणि म्हणाले, "मोजून घेजो, तेरा हायेत." त्यांचा कट्टा ओळखू येतो, ते त्याला लाल सूत बांधतात. विहिरीचं काम गॅस संपेपर्यंत बंद ठेवलं. मग मामा गाडीखाली गेले, हाताला पोत्याचं फडकं गुंडाळून, आणि पान्याने चावी जराशी फिरवली. मी कागद हातात धरून दहा पावलांवर उभी होते.

मला वाटलं होतं, काही दिसणारच नाही. पण फुस्स आवाज झाला आणि पांढरं धुकं बाहेर पडलं. एवढ्या उन्हात त्या पितळी चावीवर बर्फ साचला, खरा बर्फ, साखरेसारखा. देवकाबाई जवळ यायला तयार होईनात. त्यांनी लांबूनच पाहून "अवो माय, फागुनात बरफ!" म्हणून तोंडावर पदर घेतला. वारा नव्हता. ते धुकं गाडीखालून निघून जमिनीलगत, कापसाच्या पऱ्हाटीच्या खुंटांमधून, थोडं पुढे सरकायचं आणि विरून जायचं. मला ते फार सुंदर वाटलं होतं, हेही लिहूनच टाकते. वास तर सगळीकडे होता. तानबाने विचारलं तेव्हा मी म्हटलं, वास येतो म्हणजे गॅस निघून चालला आहे, गोबरगॅससारखाच. गोबरगॅस हलका असतो, गळला तर वर उडून जातो, हे मी पन्नास वेळा पाहुण्यांना सांगितलं होतं. माझ्यासाठी गॅस म्हणजे तोच एक गॅस होता. साडेअकराला काटा शून्यावर आला, फुसफुस थांबली. मामांनी चावी पूर्ण उघडून कान लावला. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "झालं."

देवकाबाई चूल पेटवायला पळाल्या. बाकीचे सुपाभोवती जमले. तुझे बाबा नाही जमले. म्हणाले, "पहिले काम, मंग विडी. आर्धा दिवस त वायाच गेला." तानबाला दोर आणायला त्यांनी कोठीत पाठवलं आणि स्वतः देवकाबाईंच्या चुलीवरून कंदील पेटवून आणला. विहिरीत माणूस उतरण्याआधी कंदील सोडायचा, तो विझला तर खालची हवा वाईट, मग उतरायचं नाही, हा त्यांचा रोजचा नेम होता. त्यांच्या वडिलांनी शिकवलेला. तूही लहानपणी त्यांच्याबरोबर ते केलं असशील. ते काठावर गुडघे टेकून बसले, दोराला कंदील बांधला आणि खाली सोडला. मी गाडीजवळ यानच्या पत्राची घडी घालत होते. आवाज फार मोठा नव्हता. ताडपत्रीला वारा लागतो तसा. पण विहिरीच्या तोंडातून माणसाच्या उंचीची आग वर आली आणि मामा तिच्यात होते.

सगळा गॅस विहिरीत जाऊन बसला होता. हे मला नंतर चंद्रभानने सांगितलं. तोही वर्ध्याच्या कोणा सिलिंडरवाल्याला विचारून आला होता. म्हणाला, "बाई, हा गॅस पान्यासारखा हाय. खालची जागा पाह्यते अन् तिथं जाऊन बसते." चंद्रभान आठवी नापास आहे. त्या संध्याकाळी मी तुझं पुस्तक उघडलं. हवेचा रेणुभार एकोणतीस धरायचा, या गॅसचा चव्वेचाळीस ते अठ्ठावन्न. एका ओळीचं गणित होतं, श्रावण. परीक्षेत आलं असतं तर मी ते अर्ध्या मिनिटात सोडवलं असतं. वावरात उभी राहून ते सोडवायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, की मीच ऐकलं नव्हतं? आणि आणखी एक गोष्ट आहे जी माझ्या डोक्यात गोल गोल फिरते. कंदील सोडला नसता तर तानबा तसाच खाली उतरला असता आणि त्या गॅसमध्ये गुदमरून मेला असता. म्हणजे मामांच्या कंदिलाने मामा जळले आणि तानबा वाचला. तो नेम चूक होता की बरोबर, मला ठरवता येत नाही. तुला येतं का?

आता विडीचं. बैलगाडीत घालून नेताना मामा शुद्धीवर होते. महादेवराव शेजारी चालत होते. कोणी काही विचारायच्या आधीच मामा म्हणाले, "गलती मायी हाय. कंदील सोडाच्या आंधी मी काठावर विडी शिलगावली." झालं, तेवढ्यावर सगळ्यांचे प्रश्न संपले. विडी म्हटलं की लोकांना पुढे काही विचारावंसं वाटत नाही. कंदील म्हटला असता तर कोणीतरी विचारलं असतं की विहिरीत गॅस आला कसा, गाडी तिथे लावायला सांगितली कोणी, संपला म्हणून सांगितलं कोणी. पंचनाम्यात विडी लिहिली गेली. महादेवरावांनी यानला विडी कळवली. तुला विडी कळली. आणि त्यांचा लाल सुताचा कट्टा संध्याकाळपर्यंत माझ्या सुपात होता. मी तो मोजला. तेरा होत्या.

मला वाटलं होतं, भीतीने किंवा दुखण्याच्या ग्लानीत बोलले असतील. म्हणून घरी आणल्यावर एक दिवस मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, मामा, मी सगळ्यांना खरं सांगणार आहे. त्यांनी डोळ्यांवरचं फडकं काढलं नाही. म्हणाले, "गप राय. मी विडी वढतो हे साऱ्या गावाले मालूम हाय. एक विडी आखीन माया नावावर चढली त काय बिघडलं? पन बीएस्सीनं सांगतलं अन् ते चुकलं, असं एक डाव झालं ना, त मंग देवकाबाई आपल्या पोट्टीले कालेजात नाई धाडत. आपल्या मोहल्ल्यात तू पयली हायेस. पयल्या मानसाले चुकाले जागा नसते, बाई." मी रडले तर म्हणाले, "रडू नोको, माये हात पुसाले रिकामे नाईत." आणि हसले. हसताना त्यांच्या गालाची नवी कातडी ताणली गेली आणि ते थांबले.

हे ऐकल्यावर मी काय करायला हवं होतं? मी किती दिवस म्हणत होते की त्यांचं म्हणणं खरं आहे, एकटीचा प्रश्न नाही, माझ्या मागून येणाऱ्या मुलींचा आहे. मग वाटायचं, मी हे स्वतःला वाचवायला म्हणते आहे. शिकण्याने माणूस खरं बोलायला लागतो असं मी बायकांना रात्रशाळेत सांगते, आणि माझं शिक्षण मात्र एका म्हाताऱ्याच्या खोटं बोलण्यावर उभं आहे. देवकाबाई परवा म्हणाल्या, "माया पोरीले तुयासारखी कर." मला त्यांच्याकडे पाहवेना. आज दुपारी मी महादेवरावांना सगळं लिहून दिलं. तळघराची ओळ, गाडीची जागा, कंदील, तेरा विड्या. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि मामांबद्दल एवढंच विचारलं, "हरिदासला विचारलंस का?" मी नाही म्हटलं. म्हणजे हेही मी त्यांना न विचारता केलं. देवकाबाईंना उद्या माझ्या तोंडाने सांगणार आहे. त्या मुलीला पाठवतील की नाही, मला माहीत नाही. मी बरोबर केलं का, तेही माहीत नाही. फक्त लिहून दिल्यावर जेवले.

पण तुला लिहिण्याचं कारण याहून वेगळं आहे आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. मामांच्या डोळ्यांना अजून उजेड सोसत नाही, कागद धरायला बोटं वळत नाहीत. रोज संध्याकाळी मी गेले की ते विचारायचे, "श्रावनचं पत्र आलं काय?" वीस दिवस मी नाही म्हटलं. एकविसाव्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही, नुसती माझ्या पावलांच्या आवाजाकडे मान वळवली, आणि मी म्हटलं, आलं. घरी जाऊन पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. आतापर्यंत तुझी पाच पत्रं आली आहेत, श्रावण. त्यांत तू पहिल्याच पत्रात माफी मागितली आहेस, तुझ्या खोलीतल्या ढेकणांबद्दल लिहिलं आहेस, आणि तिसऱ्या पत्रात बाबांनी तुला पोहायला शिकवल्याची गोष्ट आहे, जी मी त्यांच्याच तोंडून ऐकली होती. मामा ऐकताना म्हणतात, "याले आठवते!" तुझ्या आईला वाचता येत नाही, पण परवा तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "याच्यावर तिकीट काऊन नाई व?" तिने पाकीट मामांच्या उशाखाली ठेवलं आणि चहा टाकायला उठली. शेवटच्या पत्रात मी लिहिलं की तू बुद्धपौर्णिमेला घरी येतोस. का लिहिलं, कळत नाही. हातून लिहिलं गेलं. तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ बोटं वळवण्याचा व्यायाम करतात, तुझ्या हातून ताट घ्यायचं आहे म्हणतात. पौर्णिमेला आता दोन आठवडेही उरले नाहीत. माझ्यावर चिडून घे, लग्नाचं जे बोलणं आपल्या दोन्ही घरांत चाललं होतं ते मोडायचं असेल तर मोड, मी एक शब्द बोलणार नाही. पण ये. तुझी पाचही पत्रं काल तुझ्या आईने स्वतः उशाखालून काढून माझ्या हातात दिली, ती सोबत ठेवली आहेत. आगगाडीत नीट वाचून ये. मामा त्यातलं विचारतील.

अजून तरी तुझीच,
जयवंता